लाल ओळ

म्हशीच्या दुधाला ६.८ फॅट लागली होती, आणि तरीही स्क्रीनवर तिची ओळ लाल होती.

ही गोष्ट करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेतली. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. पहाटे साडेपाचला संकलन सुरू होतं. किटल्या घेऊन रांग लागते, मिल्कोटेस्टरचा आकडा थेट मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये येतो, सचिव स्क्रीनकडे बघतात आणि पुढच्याला बोलावतात. संस्थेने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली फॅट गेली की त्या सभासदाची ओळ लाल व्हायची. ही सोय मीच हौसेने करून दिली होती. सचिव खूश होते. एका हातात चहाचा कप असताना दोनशेवर सभासदांचे दशांशातले आकडे कोण वाचणार? रंग लांबूनही कळतो.

त्या सकाळी साठीच्या एका बाईंची पाळी आली. सचिवांनी लाल ओळ पाहिली आणि सवयीने बोलून गेले, "काकी, दूध पातळ यालंय की तुमचं." मागे वीस माणसं. कुणीतरी हसलं. काकींनी रिकामी किटली उचलली, काही न बोलता गेल्या, आणि पुढचे आठ दिवस त्यांनी शेजारच्या वाडीतल्या संस्थेला दूध घातलं.

पैसे आकड्यावर मिळतात, रंगावर नाही. त्यामुळे त्यांचा एक रुपयाही बुडाला नव्हता. पण 'दुधात पाणी घालती' असं गावात एकदा कुणाबद्दल बोललं गेलं की ते पावती दाखवून खोडता येत नाही. सचिवांच्या लक्षात खरा आकडा आला तो दुपारी, रजिस्टर तपासताना. मग मला फोन. "इंजिनियर साहेब, तुमचं मशीन माणूस बघून रंग लावतंय काय?"

मी गेलो, यादी वर-खाली सरकवून पाहिली आणि पोटात गोळा आला. सरकवली की लाल रंग एका नावावरून दुसऱ्या नावावर जात होता. परत सरकवली की तिसऱ्याच.

हे का होत होतं ते समजायला आधी एक गोष्ट माहीत हवी. यादीत दोनशे सभासद असले म्हणून स्क्रीनसाठी दोनशे ओळी तयार होत नाहीत. मी जावाएफएक्स वापरलं होतं. त्यात दिसतात तेवढ्याच, म्हणजे वीस-बावीस ओळी बनतात आणि यादी सरकवली की त्याच ओळींत नवी नावं भरली जातात. मेसच्या ताटांसारखं. ताटं वीस, जेवणारे दोनशे. एकाचं झालं की ताट धुऊन दुसऱ्यापुढे. माझ्या मेसमध्ये आधीच्या माणसाचा तांबडा रस्सा नीट धुतला जात नव्हता, आणि पुढचा बिचारा पांढऱ्याची वाट बघत बसला होता.

आता, का धुतला जात नव्हता? मी ओळीला थेट लाल रंग देत नव्हतो. तिला 'कमी' नावाचा स्टाइल क्लास लावत होतो, आणि वेगळ्या स्टाइलशीटमध्ये लिहिलं होतं की 'कमी' हा क्लास ज्याला असेल त्याची पार्श्वभूमी लाल. फॅट कमी असेल तर ओळीच्या क्लासच्या यादीत 'कमी' घाल, नसेल तर काढ. वाचायला अगदी बरोबर. पण एकच ओळ भरायचं काम जावाएफएक्स किती वेळा करेल हे आपल्या हातात नसतं. त्याने ते तीनदा केलं की यादीत 'कमी' तीनदा जाऊन बसतं. काढायला सांगितलं की त्यातलं एकच निघतं. दोन उरतात. ओळ लाल ती लालच.

दुरुस्ती तीन ओळींची होती. पण गाडीवरून कोल्हापूरला परत येताना डोक्यात एकच घोळत होतं. एखाद्या वस्तूला नाव चिकटवायची सोय ज्यांनी केली, त्यांना ते कधीतरी काढावंही लागेल हे सुचलं नव्हतं का? पुढचे दोन-तीन महिने त्यामागे लागून जे वाचलं ते इथे लिहितोय.

क्लासची गोष्ट कॉम्प्युटरवर सुरू होत नाही, छापखान्यात होते. खिळ्यांच्या छपाईत संपादक हस्तलिखिताच्या समासात खुणा करायचा: हे शीर्षक ठळक, हा उतारा आत सरकवून, ही टीप बारीक टायपात. कंपोझिटर त्या खुणा वाचून खिळे जुळवायचा. कॉम्प्युटर आल्यावर या खुणा फाइलमध्ये आल्या, पण प्रत्येक यंत्राच्या खुणा वेगळ्या. १९६७ साली कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयातल्या एका बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी म्हटलं की मजकूर काय आहे आणि तो दिसतो कसा, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. 'ठळक, १८ पॉइंट' असं लिहू नका, 'शीर्षक' असं लिहा. शीर्षक कसं दिसायचं ते दुसरीकडे ठरेल. १९६९ मध्ये आयबीएममधल्या चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी या विचारावर एक खुणांची भाषा बनवली. तिचं नाव जीएमएल, आणि ही तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं आहेत. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि एसजीएमएलच्या वळणावर टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएल बेतली.

हा विचार का मोठा होता हे मला पुस्तकातून नाही, मामाच्या दुकानामुळे कळतं. मामाचं राजारामपुरीत डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वास्तुशांती, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल. पेजमेकरमध्ये सगळं काम. त्या पेजमेकरमध्ये 'स्टाइल्स' नावाची एक छोटी खिडकी होती. 'वर्गणीदाराचं नाव' अशी स्टाइल एकदा बनवायची, सगळ्या नावांना लावायची, नंतर एका ठिकाणी बदल केला की सगळीकडे बदलणार. दुकानात ती खिडकी कुणी कधी उघडली नाही. नाव सिलेक्ट करा, बोल्ड करा, पुढचं नाव सिलेक्ट करा, बोल्ड करा. मग रात्री दहाला मंडळाचे अध्यक्ष यायचे आणि म्हणायचे, सगळी नावं जरा मोठी करा की ओ. आठशे नावं. मी लहानपणी त्या दुकानात बाकड्यावर झोपून गेलोय, आणि सकाळी उठलो तेव्हा ऑपरेटर सहाशेव्या नावावर होता.

पण मामाच्या दुकानात याहून वाईट एक गोष्ट होती, आणि ती फक्त त्याच्या दुकानात नव्हती, सगळ्या मराठीत होती. त्या काळच्या देवनागरी फॉन्टमध्ये अक्षर हे अक्षर नव्हतंच. कृतिदेव घ्या. त्यात 'क' म्हणून जे दिसतं ते फाइलमध्ये रोमन 'डी' असतं. फॉन्टने फक्त 'डी'च्या जागी 'क'चं चित्र ठेवलेलं. फॉन्ट बदलला की कोल्हापूरचं रोमन कडबोळं. म्हणजे टनिक्लिफ सांगत होते की मजकुरापासून रूप वेगळं काढा, आणि आपल्याकडे रूप काढून घेतलं की मजकूरच उरत नव्हता. रूप हाच मजकूर होता.

असं व्हायचं काही कारण नव्हतं, हे विशेष. देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक १९८८ मध्ये आलं, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून पक्कं झालं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच, आणि तिच्यातली देवनागरी या इस्कीवरूनच घेतलेली. इस्कीवर चालणारं जिस्ट तंत्रज्ञान पुण्यातल्या सी-डॅकचं. पण वेब आली तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी दुकानातलीच वाट धरली. फॉन्ट टॅग लावायचा, त्यात आपल्या फॉन्टचं नाव लिहायचं, आणि वाचकाला सांगायचं की आधी हा फॉन्ट उतरवून घ्या. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट निराळा. बातमी गुगलवर सापडायची नाही, कारण तिच्यात मराठी नव्हतंच. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि र. कृ. जोशी यांचा मंगल फॉन्ट आला, १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि हळूहळू सुटका झाली. मामाच्या जुन्या सीडी अजून माझ्याकडे आहेत. आठशे वर्गणीदारांची नावं, आणि वाचता एकही येत नाही.

तर वेब. सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये लेखकाला रूप ठरवायला जवळपास काहीच साधन नव्हतं. लेखकांनी ओरड केली, ब्राउझर कंपन्यांनी फॉन्ट, सेंटर असले टॅग वाढवले, आणि वेब मामाच्या दुकानाच्या दिशेने निघाली. १० ऑक्टोबर १९९४ ला सर्नमध्ये काम करणाऱ्या होकुन विउम ली या नॉर्वेजियन माणसाने एक प्रस्ताव मांडला: कॅस्केडिंग एचटीएमएल स्टाइलशीट्स. त्यात आज कुणाला आठवत नसलेली एक गंमत आहे. प्रत्येक नियमापुढे टक्के लिहायची सोय होती. म्हणजे 'या शीर्षकाचा आकार २० पॉइंट, माझा आग्रह ४० टक्के'. उरलेल्या साठ टक्क्यांत वाचकाचं म्हणणं. लेखक आणि वाचक दोघांनी मिळून रूप ठरवायचं. टक्के पुढे गेले, 'कॅस्केडिंग' हा शब्द राहिला. नेदरलँड्समधले बर्ट बॉस आर्गो नावाच्या त्यांच्या ब्राउझरसाठी असंच काही करत होते, ते येऊन मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ ला सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली.

क्लास त्या आवृत्तीत आहे. एचटीएमएलमध्ये परिच्छेद, शीर्षक, यादी असे मोजकेच प्रकार. पण सगळे परिच्छेद सारखे नसतात. एखादा इशारा असतो, एखादा सारांश. त्यासाठी कुठल्याही घटकाला आपण आपलं नाव द्यायचं. डेव्ह रॅगेट यांच्या १९९५ च्या एचटीएमएल ३ च्या मसुद्यात ही सोय आली होती, आणि तिथेच लिहिलं होतं की नावं एकाहून जास्त देता येतील, मध्ये जागा सोडून. सीएसएसच्या पहिल्या दस्तऐवजातलं उदाहरण 'पॅस्टोरल' नावाच्या क्लासचं आहे. तो लावलेलं शीर्षक हिरवंगार होतं. मला ते उदाहरण वाचून हसू आलं. नाव अर्थाचं द्यायचं की रूपाचं, या भांडणात त्यांनी स्वतःच असं नाव निवडलं की ते दोन्ही वाटावं.

आणखी एक गोष्ट त्याच दस्तऐवजात आहे. एका सिलेक्टरमध्ये एकच क्लास चालेल. 'जे पॅस्टोरलही आहे आणि मरीनही आहे' असं म्हणायला परवानगी नाही. घटकाला दोन नावं देता येतात, पण दोन्ही नावं असलेल्याला हाक मारता येत नाही. मे १९९८ च्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीने ती मोकळीक दिली, आणि तिच्यात उदाहरण पुन्हा पॅस्टोरल आणि मरीनचंच आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ला मात्र ही बातमी पोचली नव्हती. त्याला दोन क्लास सांगितले की तो शेवटचा तेवढा ऐकायचा.

एक गैरसमज इथेच मोडून काढतो, कारण मी स्वतः तो चार वर्षं बाळगला. घटकावर क्लास कुठल्या क्रमाने लिहिलेत याचा रूपाशी संबंध नसतो. 'कमी' आधी की 'म्हैस' आधी, फरक पडत नाही. एकच क्लास दोनदा लिहिला तरी नाही. नियमांचा क्रम बघितला जातो तो स्टाइलशीटमध्ये. घटकाच्या बाबतीत सीएसएस एकच विचारतं: हे नाव आहे का, नाही का. बस.

हे सगळं घडलं तेव्हा वेबपान म्हणजे कागद होता. एकदा छापला की बदलत नाही. म्हणून क्लास लावायचा विचार झाला, काढायचा नाही. छापलेल्या कागदावरून शीर्षकपण कोण काढणार? मला माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे मिळालं.

बदलणारी एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती: लिंक. न उघडलेली लिंक निळी, उघडून झालेली जांभळी. आता 'उघडलेली' हा लिंकचा प्रकार आहे का? नाही, ही तिची आत्ताची अवस्था. त्यासाठी १९९६ च्या त्या दस्तऐवजात क्लासहून वेगळी चीज आहे, तिला स्यूडो-क्लास म्हणतात. ती लेखक लिहीत नाही. ब्राउझर स्वतः ठरवतो, स्वतः लावतो, स्वतः काढतो. दुसऱ्या आवृत्तीत माउस वर आला असताना, टाइप करायला जागा निवडली असताना, अशा आणखी अवस्था आल्या. म्हणजे 'ही वस्तू काय आहे' आणि 'ती आत्ता कोणत्या अवस्थेत आहे' हा फरक त्यांच्या डोक्यात स्वच्छ होता. फक्त अवस्थांची यादी त्यांनी ठरवून दिली. आपल्या अवस्था आपण बनवायची सोय ठेवली नाही.

मग वेबपानं कागद राहिली नाहीत. जावास्क्रिप्ट आली, मेन्यू उघडू-मिटू लागले, टॅब बदलू लागले, चुकलेल्या रकान्याला लाल चौकट यायला लागली. या सगळ्या अवस्थाच. आपल्या अवस्थेला जागा नाही म्हटल्यावर लोकांनी त्या क्लासमध्ये कोंबल्या. 'उघडा', 'निवडलेला', 'चूक'. प्रकाराच्या खणात अवस्था ठेवायची ही सवय तिथून लागली, आणि वीसेक वर्षांनी ती माझ्या हातून करवीर तालुक्यात उतरली.

काढायचं हत्यारही धड नव्हतं. जावास्क्रिप्टला घटकाचे सगळे क्लास मिळायचे ते एका अख्ख्या वाक्यासारखे, एक सलग मजकूर. नवा जोडायचा तर शेवटी जागा सोडून चिकटवा. काढायचा तर त्या मजकुरातून तेवढे शब्द शोधून कापा. कापताना शब्दाच्या कडा बघितल्या नाहीत तर? समजा घटकावर 'गुलाल' नावाचा क्लास आहे आणि तुम्ही 'लाल' काढायला सांगितलंत. उरलं काय ते मराठी वाचकाला सांगायला नको. असले बग लोकांनी खरंच भोगलेत. २००६ च्या जानेवारीत जॉन रेसिगने जेक्वेरी आणली, तिच्या लोकप्रियतेत ॲडक्लास आणि रिमूव्हक्लास या दोन साध्या कामांचा वाटा मोठा होता असं माझं मत आहे. ब्राउझरने स्वतः ही सोय केली ती त्यानंतर. जानेवारी २०१० च्या फायरफॉक्स ३.६ मध्ये क्लासलिस्ट मिळाली. नावात लिस्ट असली तरी ती संच आहे: तेच नाव दहादा घाला, एकदाच राहतं, एकदा काढा, गेलं. १९९६ ते २०१०. चिकटवायची सोय आल्यानंतर नीट काढायची सोय यायला चौदा वर्षं.

डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमचा रस्ता वेगळा होता, आणि तो खरं तर आधीचा. एमआयटीतल्या एक्स विंडो सिस्टीमची अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिच्यात खिडकीतल्या प्रत्येक बटणाला, रकान्याला स्वतःचं एक नाव आणि एक क्लास असायचा, आणि वापरणारा आपल्या एका फाइलमध्ये लिहायचा: अमुक क्लासच्या सगळ्यांची पार्श्वभूमी अशी, फक्त तमुक नावाच्याची तशी. सीएसएसच्या नऊ वर्षं आधी! पण तिथे क्लास म्हणजे जन्मजात प्रकार. बटण ते बटण. आपण लावायचा-काढायचा प्रश्नच नाही. २००६ मध्ये क्यूटीने स्टाइलशीट घेतल्या त्या याच वळणाच्या: तिथे आपला क्लास लावता येत नाही, लोक वेगळे गुणधर्म जोडून काम भागवतात आणि मग स्टाइल पुन्हा लागू करायला विसरतात. २०११ च्या फेब्रुवारीतल्या जीटीके ३ ने वेबची पद्धत उचलली, आणि क्लास दोनदा लावला तरी एकदाच धरला. तिथल्या क्लासची नावं मला आवडतात. 'सुचवलेली कृती', 'विध्वंसक कृती' अशा अर्थाची. निळं-लाल म्हणत नाहीत, बटण काय करणार आहे ते म्हणतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जावाएफएक्स २ आलं आणि त्यानेही सीएसएस घेतलं. पण क्लासची यादी ठेवली ती जावाच्या खऱ्याखुऱ्या यादीत. क्रम असलेली, एकच गोष्ट कितीही वेळा राहू देणारी. वर सांगितलं तसं, सीएसएसला यातलं काहीच नको असतं. ना क्रम, ना पुनरावृत्ती. त्याला हवा संच, मिळाली यादी. मी काही कुणाला दोष देत नाही. माहितीपत्रकात यादी आहे हे स्पष्ट लिहिलंय आणि मी ते वाचलं नव्हतं. घाबरून पूर्ण यादीच रिकामी करावी तर आणखी मजा. बटणाला 'बटण' हा क्लास आधीपासून असतो, तोही जातो, आणि स्क्रीनवर कपडे काढलेलं बटण उरतं. हेही मी करून पाहिलंय.

पण याच जावाएफएक्सने मार्च २०१४ च्या आठव्या आवृत्तीत ती गोष्ट दिली जी १९९६ पासून राहून गेली होती. आपला स्यूडो-क्लास आपण बनवायचा. त्याला घाला-काढा नाही. नाव सांगायचं आणि आहे की नाही ते सांगायचं, खरं किंवा खोटं. शंभरदा सांगा, शेवटी जे सांगितलं तेच धरलं जातं. माझ्या दुरुस्तीच्या तीन ओळी याच. 'कमी' हा क्लास काढून टाकला, 'कमी' ही अवस्था बनवली. ताट पुढे ठेवताना प्रत्येक वेळी विचारायचं: फॅट मर्यादेखाली आहे? जे उत्तर येईल ते लिहायचं. आधीच्याचं काही पुसायचं कामच राहिलं नाही.

उलटा वाराही सुटलाय, तो सांगायला हवा. २०१७ मध्ये ॲडम वॉथन यांचं टेलविंड आलं. त्यात क्लासची नावं सरळ रूपाचीच: लाल, ठळक, इतकी जागा, इतका गोल कोपरा. एका बटणावर वीस-पंचवीस क्लास. अर्थाची नावं शोधण्यात वेळ जातो आणि शेवटी ती खोटी पडतात, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. ऑफिसमध्ये मी रोज टेलविंडच वापरतो. काम भराभर होतं. बटणाचा एक साचा बनवून सगळीकडे वापरला तर निभतंही. न वापरला तर मला राजारामपुरीतलं ते बाकडं आठवतं.

मराठीपुरतं मात्र मी अर्थाच्याच बाजूचा आहे, आणि त्याला कारण 'ल' आहे. मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांची वळणं वेगळी, 'श'चंही तसंच. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात मराठी वळणं पक्की केली. पण युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच, कारण अक्षर एकच. मग फोनला कसं कळावं कुठलं काढायचं? नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. पानावर 'हा मजकूर मराठी आहे' एवढी खूण केली की फॉन्ट स्वतःहून मराठी वळण काढतो. 'ल'चं चित्र बदला असं कुठेच सांगायचं नाही. हे मराठी आहे एवढंच सांगायचं. ही खूण बहुतेक मराठी साइटवर नसते किंवा साच्यासोबत आलेली इंग्रजीचीच राहिलेली असते. दूध संस्थेच्या प्रोग्रॅममधून जी मासिक बिलं वेबवर जातात त्यांवर मी ती केली. सचिवांना फरक दिसला नाही. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या नातीला दिसला, "हा आमच्या पुस्तकातला ल आहे" म्हणाली.

नवी आवृत्ती बसवायला मी पहाटेच गेलो, मुद्दाम. सचिवांनी काकींच्या घरी आधीच निरोप धाडला होता, चूक मशीनची होती म्हणून. मशीनची नव्हती, पण मी तिथे वाद घातला नाही. काकी सहाच्या सुमारास आल्या. रांग तेवढीच होती, बहुतेक माणसंही तीच. मी सचिवांच्या मागे उभा राहून मुद्दाम यादी वर-खाली सरकवत होतो. लाल जिथल्या तिथे थांबलं होतं, तीन नावांवर, आणि ती तिन्ही खरोखर कमी होती.

काकींचं दूध ओतलं, नमुना टेस्टरखाली गेला. ओळ पांढरी आली. सचिव जरा मोठ्यानेच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "काकी, एकदम बेस हाय बघा." काकींनी स्क्रीनकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"रंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आकडा सांग."

"सहा पॉइंट नऊ."

"पावतीवर लिहून दे."